हाड बसवण्याआधी दुखणं उतरवा: कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरांसाठी

केईएम, सायन, नायर, कूपर, यांपैकी कुठल्याही कॅज्युअल्टीत इंटर्न म्हणून उभं राहिलात की मोडलेली हाडं आणि निखळलेले सांधे पहिल्याच पाळीत समोर येतात. लोकलच्या दारातून पडलेला, पावसात बाइक घसरलेला, बाथरूममध्ये तोल गेलेल्या आजी, गोपाळकाल्याला थरावरून खाली आलेला गोविंदा. यांच्या केसपेपरवर बहुतेक वेळा एकच ओळ पडते: ‘इंजे. डायक्लोफिनॅक ७५ मिग्रॅ आयएम’ (म्हणजे स्नायूत), आणि ट्रॉली एक्स-रेकडे निघते. मोडलेल्या मांडीचं दुखणं एवढ्याने उतरत नाही. ते उतरलं नाही की पुढचं सगळं बिघडतं. स्नायू आकडतात, सांधा बसत नाही, एक्स-रेच्या टेबलावर रुग्ण हात वळवू देत नाही, बरगडी मोडलेला माणूस खोल श्वास घेत नाही आणि म्हातारं माणूस रात्रीतून भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं.

इथले डोस रुग्णालयात, डॉक्टरांनी वापरण्यासाठी आहेत. सुया टोचण्याच्या पद्धती पहिल्यांदा करताना सीनियर शेजारी हवा, आणि तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा.

क्रम पाठ करा: आधी आधार, मग औषध, मग थांबणं, मग हात लावणं. यातलं थांबणं सर्वांत जास्त वेळा गाळलं जातं. ‘इंजेक्शन दिलंय’ म्हणून दोन मिनिटांत मनगट ओढायला घेतलं, तर ते न दिल्यासारखंच. म्हणून औषध दिलं की केसपेपरवर मिनिटासकट वेळ लिहा.

पहिली पाच मिनिटं

वाकडा झालेला पाय डोळ्यांत भरतो आणि तिथेच नजर अडकते. आधी श्वासनलिका, श्वास, रक्तदाब, शुद्ध हे बघा. रेल्वेखाली किंवा उंचावरून पडलेल्या रुग्णाच्या पोटात, छातीत, मानेत काय झालंय ते कळेपर्यंत हाड दुसऱ्या क्रमांकावर. पण ‘तपासणी व्हायची आहे, म्हणून दुखण्याचं औषध नको’ हा जुना समज सोडून द्या. बेताच्या डोसात दिलेल्या औषधाने पोटाची तपासणी फसत नाही, उलट रुग्ण शांत झाला की ती नीट होते. एमएलसीचे (पोलिस केसचे) कागद, नातेवाइकांची वाट, ऑर्थोचा कॉल, यांतल्या कशासाठीही पहिला डोस अडवू नका.

मग दुखण्याला आकडा द्या. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. ज्यांना दहाचा हिशेब जमत नाही त्या आजी-आजोबांना विचारा, ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ उत्तर लगेच येतं, आणि औषधानंतर ‘आता चार आणे राहिलंय’ हेही तेच सांगतात. तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना चेहऱ्यांचं चित्र दाखवा. त्याहून लहान बाळाचा चेहरा, पायांची हालचाल, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होतं का, यावरून अंदाज घ्या. आकडा ४ किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा विचारायचाच. ७ किंवा त्याहून जास्त असेल तर पंधरा मिनिटांत.

औषध देण्याआधी जखमेच्या खालची नाडी, संवेदना आणि हालचाल तपासून लिहून ठेवा. सुन्न करण्याचं इंजेक्शन दिल्यावर बधिरपणा आधीचा की इंजेक्शनचा, हे सांगता येत नाही. खांदा निखळला असेल तर दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूची कातडी, दंडाचं हाड मधोमध मोडलं असेल तर मनगट वर उचलता येतं का, लहान मुलाचा कोपर मोडला असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करता येतो का, खुबा निखळला असेल तर पाऊल वर उचलता येतं का. गुडघा निखळला असेल तर पावलाची नाडी, आणि ती लागली तरी निर्धास्त राहू नका. गुडघ्यामागची धमनी आतून फाटलेली असू शकते.

बांगड्या, अंगठ्या, पैंजण याच वेळी काढा. सूज चढल्यावर अंगठी साबणाने निघत नाही, कापावी लागते. हिरवा चुडा कापायची वेळ आली तर बाईंना आधी सांगा, का ते समजावा. बहुतेक जणी लगेच हो म्हणतात.

आधार: सगळ्यात स्वस्त वेदनाशामक

मोडलेली टोकं हलली की कळ येते. ती हलायची थांबली की निम्मं काम झालं. तरीही स्लॅब (प्लास्टरची अर्धी पट्टी) एक्स-रेनंतरच मारायचा असा रिवाज पडलाय, तो चुकीचा आहे. तात्पुरता आधार एक्स-रेच्या आधी द्या: क्रेमर वायर स्प्लिंट, कापूस गुंडाळलेला पुठ्ठा, हातासाठी त्रिकोणी झोळी, मांडीसाठी थॉमस स्प्लिंट. हाड मोडलं असेल तर वरचा आणि खालचा सांधा आधारात हवा. सांधा निखळला असेल तर वरचं आणि खालचं हाड. आधार दिल्यावर नाडी पुन्हा बघा.

१०८ च्या रुग्णवाहिकेतून आलेल्या रुग्णाला आधार बहुतेक वेळा आधीच दिलेला असतो. टॅक्सीतून किंवा स्टेशनवरच्या स्ट्रेचरवरून आलेल्याला बहुधा नसतो. ट्रॉलीवरून टेबलावर, टेबलावरून ट्रॉलीवर असं हलवताना सर्वांत जास्त दुखतं. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना थांबवा, एका माणसाला फक्त मोडलेला अवयव धरायला सांगा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून सगळ्यांनी एकत्र उचला.

बर्फ कापडात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटं, थेट कातडीवर नको. अवयव हृदयाच्या पातळीच्या थोडा वर ठेवा.

खुब्याजवळ मोडलेल्या आजींना सवयीने पायाला ओढ देणारं वजन लावलं जातं. शस्त्रक्रियेआधी असं वजन लावल्याने दुखणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलेलं नाही. गुडघ्याखाली उशी द्या आणि पुढे सांगितलेला ब्लॉक (त्या भागाच्या नसा सुन्न करणारं इंजेक्शन) द्या. मांडीचं हाड मधोमध मोडलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ओढ देऊन थॉमस स्प्लिंट लावल्यावर दुखणं झपाट्याने उतरतं.

शिरेतून काय द्यायचं

दुखणं मध्यम किंवा तीव्र असेल तर शिरेत कॅन्युला लावा. शॉकमधल्या रुग्णाच्या कुल्ल्यात दिलेलं इंजेक्शन तिथेच पडून राहतं. रक्तदाब सुधारला की एकदम शोषलं जातं आणि मग श्वास मंदावतो.

पाया पॅरासिटामॉलचा. १ ग्रॅम, पंधरा मिनिटांत, शिरेतून. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर किलोला १५ मिग्रॅ. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. दारूचं व्यसन किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून बराच कमी.

त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅक ७५ मिग्रॅ किंवा केटोरोलॅक १५ ते ३० मिग्रॅ, पण आधी चार प्रश्न विचारा: मूत्रपिंडाचा त्रास आहे का, पोटात अल्सर किंवा रक्ताची उलटी झाली होती का, दुखण्याच्या गोळीने दमा उठतो का, दिवस गेलेत का. गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर ही औषधं टाळा. खूप रक्त गेलेल्या रुग्णालाही नको. आणि मुंबईत जून ते ऑक्टोबर आणखी एक प्रश्न विचारा: ताप आहे का? डेंग्यू किंवा लेप्टोचा संशय असेल तर पॅरासिटामॉलवरच थांबा आणि पुढच्या पायरीला ओपिऑइडकडे (मॉर्फीनच्या गटातल्या औषधांकडे) वळा.

ट्रामाडोल आपल्याकडे सगळीकडे मिळतं म्हणून सगळ्यांना दिलं जातं. ५० ते १०० मिग्रॅ, १०० मिली सलाइनमधून पंधरा-वीस मिनिटांत, सोबत ऑनडॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ. भरभर दिलं तर उलटी ठरलेलीच. फिट्स येणाऱ्याला, डोक्याला मार लागलेल्याला, नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्याला आणि बारा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका.

तीव्र दुखण्याला मात्र मॉर्फीन किंवा फेंटॅनिलच हवं. मॉर्फीन किलोला ०.१ मिग्रॅ, पण ते एकदम ढकलायचं नाही. अॅम्प्यूल १० मिग्रॅचंही येतं आणि १५ मिग्रॅचंही, त्यामुळे लेबल मोठ्याने वाचा. १० मिग्रॅ असेल तर १० मिलीपर्यंत, १५ असेल तर १५ मिलीपर्यंत सलाइन घाला. दोन्हीकडे १ मिलीला १ मिग्रॅ हा हिशेब राहतो. मग २ ते ३ मिली द्या, पाच मिनिटं थांबा, आकडा विचारा, पुन्हा द्या. सत्तरीच्या पुढच्यांना निम्म्याने सुरुवात करा.

फेंटॅनिल लवकर चढतं आणि लवकर उतरतं, म्हणून हाड बसवताना सोयीचं. किलोला १ मायक्रोग्रॅम. २ मिलीच्या अॅम्प्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं. ते १० मिली केलं की १ मिलीला १० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सगळं मिळून ६ मिली, निम्मं आधी आणि निम्मं पाच मिनिटांनी. रक्तदाब कमी असलेल्या रुग्णाला मॉर्फीनपेक्षा हे बरं.

दोन्हींसोबत ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि हाताशी नॅलॉक्सोन, म्हणजे त्यांचा उतारा. श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला तर आधी हाक मारा, हनुवटी उचला, बॅग-मास्कने श्वास द्या. मग ०.४ मिग्रॅचं नॅलॉक्सोन १० मिली करून १-२ मिलीच्या टप्प्यांनी द्या. सगळं एकदम दिलं तर रुग्ण किंचाळत उठतो आणि दुखणं पुन्हा दहावर जातं. नॅलॉक्सोनचा असर मॉर्फीनच्या आधी ओसरतो, त्यामुळे रुग्णाला त्यानंतर दोन तास तरी नजरेआड करू नका.

मॉर्फीन आणि फेंटॅनिल एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतात, कपाटाला कुलूप असतं, नोंदवहीत सही लागते आणि रिकामं अॅम्प्यूल परत द्यावं लागतं. २०१८ पासून ट्रामाडोलही याच कायद्याखाली आहे. पण २०१४ ची दुरुस्ती झाली तीच मॉर्फीन, फेंटॅनिल यांसारखी औषधं दुखण्यासाठी सहज मिळावीत म्हणून. पाळी सुरू होताना किल्ली कुठल्या सिस्टरकडे आहे ते विचारून ठेवा. रात्री दोन वाजता किल्ली शोधत बसण्यात वीस मिनिटं जातात आणि तोवर रुग्णाला पुन्हा डायक्लोफिनॅकच मिळतं.

केटामाइन कमी डोसातही दुखण्यावर चांगलं काम करतं: किलोला ०.१ ते ०.३ मिग्रॅ, १०० मिली सलाइनमधून दहा-पंधरा मिनिटांत. इथे घोटाळा मोजण्यात होतो. नेहमीच्या व्हायलमध्ये १ मिलीला ५० मिग्रॅ असतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे १२ मिग्रॅ म्हणजे पाव मिलीहूनही कमी. आधी १ मिली घेऊन १० मिली करा, १ मिलीला ५ मिग्रॅ होईल, त्यातलं २.४ मिली सलाइनमध्ये टाका. आणि १ मिलीला १० मिग्रॅची व्हायलही येते, म्हणून इथेही लेबल वाचा.

मनगट: हेमाटोमा ब्लॉक

पडताना हात टेकून मोडलेलं मनगट कॅज्युअल्टीत रोज येतं, आणि त्यासाठी हा ब्लॉक शिकून घ्यावा असाच आहे. भूल लागत नाही, उपाशीपोटाची अट नाही, रुग्ण तासाभरात घरी जातो. हाडाच्या भेगेत साचलेल्या रक्तात औषध सोडायचं, ते टोकांपर्यंत पोहोचतं.

उघडी जखम असेल, कातडीवर संसर्ग असेल, किंवा मार लागून एक दिवसापेक्षा जास्त झाला असेल तर हा ब्लॉक नको. जुनं रक्त गोठलेलं असतं, औषध पसरत नाही.

१. २% लिग्नोकेन ५ मिली आणि सलाइन ५ मिली, म्हणजे १% चे १० मिली, १०० मिग्रॅ. साधं लिग्नोकेन घ्या, अॅड्रेनालिनविना. कमाल मर्यादा किलोला ४.५ मिग्रॅ. वयस्कर, किरकोळ अंगाच्या रुग्णाला ३ वरच थांबा.

२. हात पालथा, मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल. पाठीमागून बोट फिरवत पायरी शोधा, जिथे हाड एकदम खाली जातं ती जागा. ती पेनने खूण करा, कारण बेटाडाइन लावल्यावर आणि सूज वाढल्यावर ती हरवते.

३. बेटाडाइन दोनदा लावा आणि सुकू द्या. ही बंद हाडाला उघडी वाट करून देणारी सुई आहे, हातमोजे निर्जंतुकच हवेत.

४. २२ नंबरची सुई खुणेच्या किंचित वरून, बोटांच्या दिशेला तिरकी घाला. हाडाला टेकली की थोडी मागे घ्या, दिशा बदला, पुन्हा पुढे. भेगेत गेली की अडथळा जाणवत नाही.

५. मागे ओढा. काळसर रक्त सिरिंजमध्ये आलं तर तुम्ही योग्य जागी आहात. लाल रक्त जोराने येत असेल तर सुई काढा आणि दाबून धरा. रक्त आलंच नाही तर औषध सोडू नका, पुन्हा शोधा.

६. हळूहळू सोडा, दोन-तीनदा मागे ओढून खात्री करत. करंगळीच्या बाजूच्या अल्ना या हाडाचा टोकाचा भागही मोडला असेल तर शेवटचे २ मिली तिथे.

७. दहा ते पंधरा मिनिटं थांबा. भिंतीवरचं घड्याळ बघून. तोवर प्लास्टर भिजवायचं पाणी, कापूस, क्रेप बँडेज तयार करा.

८. आधी खुणेवर हलका दाब द्या. दुखत असेल तर आणखी पाच मिनिटं. तरीही दुखत असेल तर औषध भेगेत गेलेलं नाही. डोसाचा हिशेब करून पुन्हा द्या किंवा दुसरा मार्ग धरा. रुग्णाला ‘थोडं सहन करा’ म्हणून ओढू नका.

तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज, बडबड, मग झटके: लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हॅकेन रक्तात जास्त गेल्याची ही लक्षणं. इंजेक्शन थांबवा, ऑक्सिजन द्या, मदत बोलवा. झटक्यांना मिडाझोलाम. २०% लिपिड इमल्शन किलोला १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली. सत्तर किलोच्या वरच्या माणसाला पहिला डोस १०० मिली. ही बाटली तुमच्या कॅज्युअल्टीत कुठे ठेवलेली असते, ते पहिला ब्लॉक देण्याआधी विचारा.

खांदा: ओढाताणीपेक्षा धीर

पुढे निखळलेल्या खांद्यात खरा शत्रू म्हणजे आकडलेले स्नायू. दोन जणांनी चादर लावून ओढणं अजून चालतं, पण स्नायू सैल झाले की इतकी ताकद लागतच नाही. एक्स-रेत दंडाच्या मानेला भेग दिसली तर कॅज्युअल्टीत हात लावू नका, ऑर्थोकडे द्या.

पहिला पर्याय सांध्यातलं लिग्नोकेन. २% चे १० मिली आणि सलाइन १० मिली, म्हणजे १% चे २० मिली. चाळीस किलोच्या रुग्णाला १५ मिलीच. दंडाच्या हाडाचं डोकं जागेवरून गेल्यामुळे खांद्याच्या बाहेरच्या बाजूला जो खळगा पडतो तिथे, अॅक्रोमियनच्या (खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाच्या) कडेपासून २ सेंमी खाली, लांब सुईने सरळ आत आणि किंचित खाली. मागे ओढल्यावर गडद रक्त येतं, ते आधी काढून टाका, मग औषध सोडा. पंधरा ते वीस मिनिटं थांबा. गुंगीच्या तुलनेत याने खांदा बसण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं, रुग्ण लवकर घरी जातो आणि श्वासाचे प्रश्न कमी येतात. दुपारी पोटभर जेवून आलेल्या रुग्णाला तर हेच बरं.

मग बसवण्याची पद्धत. आम्ही नव्यांना फेअर्स सुचवू, कारण एकट्याला जमते. रुग्ण उताणा, हात शरीरालगत, कोपर सरळ. मनगट दोन्ही हातांनी धरा, हळू ओढ ठेवा आणि हात सेकंदाला दोन-तीनदा वर-खाली असा पाचेक सेंटिमीटर हलवत बाहेरच्या बाजूने उचलत न्या. ९० अंशांच्या पुढे गेल्यावर तळहात वर येईल असा हात बाहेर फिरवा. साधारण १२० अंशांच्या आसपास डोकं जागेवर सरकतं. दुखलं असं रुग्ण म्हणाला की तिथेच थांबा, ओढ सोडू नका, स्नायू सैल पडेपर्यंत हलवत राहा, मग पुढे. रुग्णाशी बोलत राहा: लोकल कुठली पकडता, मुलं कितवीत आहेत. बोलणारा माणूस खांदा घट्ट धरून ठेवत नाही.

घाई नसेल तर स्टिमसन: रुग्ण पालथा, हात टेबलावरून खाली लोंबता, मनगटाला ३ ते ५ किलो, वीस मिनिटं. वजन हातात धरायला लावू नका, मनगटाला पट्ट्याने बांधा. मुठीत धरलं की दंड पुन्हा ताठतो. गुंगी दिलेल्या रुग्णाला मात्र पालथं घालू नका.

बसल्यावर नाडी आणि दंडाच्या बाहेरची संवेदना पुन्हा तपासा, एक्स-रे पुन्हा काढा.

गुडघ्याची वाटी बाहेर सरकली असेल तर बहुतेक वेळा एवढंही लागत नाही. खुबा थोडा वाकवा, गुडघा हळू सरळ करत वाटी आत ढकला. बोटाच्या सांध्याला बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना १-२ मिली लिग्नोकेन. घोटा निखळून कातडी ताणून पांढरी पडली असेल तर एक्स-रेची वाट बघू नका. फेंटॅनिल किंवा केटामाइन द्या आणि लगेच सरळ करा, कातडी काही तासांत मरते. खुबा निखळला असेल तर सहा तासांच्या आत बसला पाहिजे आणि त्याला पूर्ण गुंगी लागते. तो कॉल लगेच लावा.

खुब्याजवळ मोडलेल्या आजी-आजोबांना ब्लॉक

वय ऐंशी, वजन चाळीस, मूत्रपिंड अशक्त: अशा रुग्णाला डायक्लोफिनॅकही नको आणि मॉर्फीनही बेतानेच. फॅशिया इलियाका ब्लॉक इथे फार उपयोगी. कमरेच्या पुढच्या हाडापासून जघनाच्या हाडापर्यंत रेघ धरा, तिचे तीन भाग करा. बाहेरचा एक भाग संपतो तिथून १ सेंमी खाली सुई घालायची. मांडीची नाडी बोटाखाली ठेवा, ती सुईच्या आतल्या बाजूला दीड-दोन सेंमीवर असायला हवी. बोथट टोकाची सुई घ्या म्हणजे दोन पदर ओलांडल्याचे दोन ‘टक’ जाणवतात. सोनोग्राफीचं मशीन असेल तर त्यावर बघूनच द्या.

ब्युपिव्हॅकेन किलोला २ मिग्रॅपर्यंत. ०.५% चे १६ मिली आणि तेवढंच सलाइन, म्हणजे चाळीस किलोला ०.२५% चे ३२ मिली. पाठीच्या भुलीसाठी येणारं ४ मिलीचं ‘हेवी’ अॅम्प्यूल यासाठी नाही. असर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यानंतर एक्स-रे, कपडे बदलणं, बेडपॅन, सगळं सोपं होतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सीनियरला विचारून.

गुंगी देऊन बसवताना

हे दोन डॉक्टरांचं काम. एक हाड बसवतो, दुसरा फक्त श्वास आणि मॉनिटर बघतो. दुसरा नसेल तर गुंगी द्यायची नाही. ऑक्सिजन, चालू करून बघितलेलं सक्शन, बॅग-मास्क, दर पाच मिनिटांनी रक्तदाब, असेल तर कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र). शेवटचं कधी खाल्लं ते विचारून लिहा. नाडी लागत नसेल किंवा कातडी मरत असेल तर पोट रिकामं होण्यासाठी थांबता येत नाही.

केटामाइन किलोला १ मिग्रॅ, एका मिनिटात हळू. भरकन ढकललं तर श्वास थांबू शकतो. दहा-वीस मिनिटं काम चालतं. डोळे उघडे राहतात, बुबुळं हलतात, कधी तोंडातून आवाज येतो. नातेवाइकांना हे आधी सांगा, नाहीतर ते घाबरून आत येतात. शुद्धीवर येताना खोली शांत ठेवा. खूप बिथरला तर मिडाझोलाम १ मिग्रॅ. प्रोपोफोल किंवा नुसतं मिडाझोलाम झोप आणतं, दुखणं थांबवत नाही. त्यासोबत फेंटॅनिल लागतंच आणि मग श्वासाचा धोका दुप्पट धरून चाला. हाड बसल्यावर ओढाताण थांबते, दुखणं कमी होतं आणि त्याच क्षणी गुंगी जास्त खोल जाते. सगळे प्लास्टरकडे वळलेले असताना ऑक्सिजनचा आकडा तेव्हाच घसरतो.

मुलं

वजन करा, अंदाज नको. पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, आयब्युप्रोफेन किलोला १० मिग्रॅ, ट्रायाजमध्येच, म्हणजे आल्याआल्या होणाऱ्या पहिल्या तपासणीतच. तीव्र दुखण्याला नाकातून फेंटॅनिल, किलोला १.५ मायक्रोग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत वाटून, फवाऱ्याच्या टोकाने. वीस किलोच्या मुलाला ३०, म्हणजे न पातळ केलेलं ०.६ मिली. सुई टोचावी लागत नाही आणि दहा मिनिटांत मूल शांत होतं. आईला बाहेर काढू नका, मूल तिच्या मांडीवरच राहू दे. हात ओढल्याने कोपर सटकलेल्या दोन-तीन वर्षांच्या पोराला तर कोपर धरून तळहात पूर्ण पालथा फिरवला की एक ‘टक’ होतो आणि थोड्या वेळात ते त्याच हाताने बिस्किट घेतं.

औषधाला न जुमानणारं दुखणं

पुरेसं औषध दिलं, आधार दिला, हाड बसलं, तरी दुखणं वाढतंय. इथे डोस वाढवण्याआधी पट्टी उघडा. नडगी, कोपराखालचा हात, मुलांचा कोपर यांत स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडतो. बोटं तुम्ही ओढून सरळ केलीत की रुग्ण ओरडतो, पोटरी टणक लागते. नाडी लागते म्हणून धीर धरू नका, ती शेवटी जाते. प्लास्टर दोन्ही बाजूंनी, आतल्या कापसासकट कातडीपर्यंत कापा. अवयव हृदयाच्या पातळीवर आणा, त्याहून वर नाही. लगेच ऑर्थोच्या सीनियरला बोलवा, सहा तासांत स्नायू मरतात. नडगी मोडलेल्या रुग्णाला लांब टिकणारा ब्लॉक सीनियरला विचारल्याशिवाय देऊ नका, तो हीच खूण झाकतो.

हाडवैद्याकडून बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधून आलेल्या रुग्णात हे आधी शोधा. रागावू नका. रागावलात तर कधी बांधलं आणि चोळलं होतं का, हे तो खरं सांगणार नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय.

घरी पाठवताना

पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या दर आठ तासांनी, दुखो न दुखो, पहिले तीन दिवस. ‘दुखलं तर घ्या’ म्हटलं की लोक रात्री असह्य झाल्यावर घेतात. मेडिकलमधून आणलेल्या बहुतेक जोडगोळ्यांत ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे घरात काय आहे ते विचारून बेरीज करा. मॉर्फीन किंवा केटामाइन मिळालेल्याला सोबतीशिवाय सोडू नका. गर्दीच्या लोकलने तर नाहीच.

कागदावर मराठीत किंवा हिंदीत लिहून द्या, वाचूनही दाखवा: हात उशीवर उंच ठेवा, बोटं तासातासाला हलवा, प्लास्टरच्या आत काही खुपसू नका. बोटं निळी, गार किंवा बधीर पडली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, तर सकाळची ओपीडी धरू नका, रात्री कितीही वाजता कॅज्युअल्टीत या आणि हाच कागद दाखवा.